बिनचुन्याचा दगड

“पण उस्ताद, मग हे पाणी अडवायचं तरी कसं?”

दस्तगीर मिस्त्रींनी मान वर केली नाही. ओसरीतल्या बाजेवर दोन्ही पाय वर घेऊन ते लसूण सोलत होते. पाकळी वाटीत, साल मांडीवर. चौऱ्याऐंशी वर्षांच्या माणसाला जेवढी घाई असते, तेवढीच त्यांना होती.

समोर, खाली अंथरलेल्या पोत्यावर सर्जेराव खोत बसला होता. वय पंचावन्न, पोट सुटलेलं, खिशाला दोन पेनं. दारात त्याची जीप उभी होती आणि जीपवर पिवळ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘तळघर, गच्ची, टाकी. गळती बंद म्हणजे बंद.’

याच ओसरीत तो वयाच्या सोळाव्या वर्षी शिकायला आला होता. अकरा वर्षं त्यानं उस्तादांच्या हाताखाली काढली. मग सिमेंटचे दिवस आले, पुढं रसायनांचे डबे आले, आणि सर्जेराव त्या डब्यांमागं कोल्हापुरात गेला. पण उस्तादांना विसरला असं कुणी म्हणू नये. दर दिवाळीला फराळाचा डबा यायचा, दर ईदला तो स्वतः. एक तेवढं मात्र खरं की, गेल्या तीसेक वर्षांत त्यानं उस्तादांना कामातलं काही विचारलं नव्हतं.

आज पहिल्यांदा विचारत होता.

“अडवायचं?” उस्ताद म्हणाले. “कुणाला?”

“पाण्याला.”

“हां... पाण्याला.”

आणि त्यांनी पुढची पाकळी घेतली.

श्रावण अर्धा झाला होता. पन्हाळ्याच्या उतारावर सकाळपासून भुरभुर चालू होती. पोतं सर्जेरावला ओलसर लागलं, तसा तो जरा सरकून बसला. दोन वर्षांपूर्वी याच घराचं जोतं त्यानं स्वतःच्या हातानं, एक दमडी न घेता, सिमेंटनं चकाचक करून दिलं होतं. गुरूची सेवा म्हणून. श्रावणात पोती ओलावणारच, असं त्याच्या मनात आलं आणि गेलं.

“कुणाचं घर म्हणालास?”

“सबनीस बाईंचं. वरच्या आळीतलं. त्यांच्या वडलांचं, डॉक्टरसाहेबांचं जुनं घर, मागनं एकमजली आणि फुडनं दुमजली दिसतंय बघा, ते.”

लसणाची पाकळी बोटांत थांबली.

“प्रमिलाबाई?”

“व्हय. शाळेतल्या.”

“त्या घराचं फुडचं जोतं आपणच बांधलंय की रं.”

“म्हणून तर आलोय, उस्ताद.”

सर्जेरावनं मग सगळं सांगितलं. तीन वर्षांपूर्वी बाईंनी त्याला बोलावलं होतं, ते नुसत्या ओलीसाठी. तळघरात वडिलांची पुस्तकं होती आणि पुस्तकांना वास यायला लागला होता. सर्जेरावनं तळघराला आतून रसायनाचा गिलावा केला, बाहेरून जोत्याचे सांधे सिमेंटनं भरून काढले. त्या पावसाळ्यात तळघरात घोटाभर पाणी आलं. दुसऱ्या वर्षी त्यानं दुप्पट जाड गिलावा केला, पाणी गुडघ्याला आलं. यंदा त्यानं फरशी उकरून नवी टाकली. यंदा पाणी जिन्याच्या वरून तिसऱ्या पायरीला लागलं होतं.

म्हणजे दर वर्षी काम वाढलं आणि दर वर्षी पाणी वाढलं. त्याच्या जागी दुसरा कुणी असता तर पहिल्याच वर्षी डोकं खाजवलं असतं. पण सर्जेराव नावाजलेला माणूस, त्याला तशी सवय राहिली नव्हती.

“रविवारी पुण्यास्नं बाईंचा भाचा येतोय,” तो म्हणाला. “संगं इंजिनेर आणणार हाय. घर पाडायचं ठरतंय, उस्ताद. बाईंनी ट्रंका भरल्यात. पुण्यात सातव्या मजल्यावर ऱ्हायला जायाचं म्हणत्यात.”

उस्तादांनी मांडीवरची सालं झटकली.

“माझं नाव जाईल ते जाऊ द्या. पर बाई...”

“तुला तिथं काय दिसलं?” उस्तादांनी मधेच विचारलं.

“कुठं?”

“जोत्यात. सांधे भरताना.”

सर्जेरावनं जिभेनं ओठ ओले केले.

कारण त्याला दिसलं होतं. तीन वर्षांपूर्वी, जोत्यावरचं शेवाळ घासून काढताना, तिसऱ्या थरात एक दगड बिनचुन्याचा निघाला होता. चारही बाजूंनी सांधा रिकामा, आत बोट जाईल एवढा. ज्या दस्तगीर मिस्त्रींच्या भिंतीत कुणाला सुई घालता आली नव्हती, त्यांच्या हातचा एक दगड भरायचाच राहून गेलेला!

सर्जेरावनं तेव्हा इकडंतिकडं पाहिलं. त्यानं गड्यांना चहाला पाठवलं, स्वतः सिमेंट कालवलं आणि तो सांधा खोलवर ठासून भरला. वरून असा घोटला की शोधून सापडू नये. या गोष्टीबद्दल तो कुणापाशी अवाक्षर बोलला नव्हता. पण खरं सांगायचं तर गेली तीन वर्षं, झोप येत नसली की, त्याला ती गोष्ट आठवून बरं वाटायचं. गुरूचं नाव आपण राखलं.

“काय न्हाई, उस्ताद,” तो म्हणाला. “काम एकदम पक्कं हुतं तुमचं.”

उस्तादांनी पहिल्यांदा त्याच्याकडं पाहिलं. मोतीबिंदूनं डोळे दुधी झाले होते. तेवढ्यातूनही त्यांना काय दिसायचं ते दिसत असे.

“मग पाणी कुठंतरी मुरतंय, सर्जा.”

ते हसताहेत का हे सर्जेरावनं निरखून पाहिलं. ते हसत नव्हते.

“चल,” उस्ताद म्हणाले आणि पायांनी चपला चाचपायला लागले. “बाईंच्या हातचा चहा पिऊन लई वर्सं झाली.”

* * *

बाईंच्या पडवीत तीन ट्रंका एकावर एक रचून ठेवल्या होत्या. वरच्या ट्रंकेवर सुतळीनं बांधलेली डॉक्टरसाहेबांची पाटी होती.

प्रमिलाबाई शहात्तर वर्षांच्या. सडपातळ, ताठ, गावातल्या दोन पिढ्यांचे कान धरलेल्या. उस्तादांना जीपमधून उतरताना पाहिलं आणि त्या भिजत पुढं आल्या.

“दस्तगीरभाई! किती वर्षांनी...”

“वर्सं मोजायची न्हाईत, बाई. चहा टाका.”

“दोन चमचे साखर. अजून तेवढीच ना?”

“डाक्टर नको म्हणतोय.”

“मग तीन घालते,” बाई म्हणाल्या, आणि दोघंही हसली.

सर्जेरावला एकदम जुने दिवस आठवले. याच अंगणात चुन्याची घाणी मांडली होती. बैल गोल फिरायचा, चाकाखाली चुना नि वाळू मळली जायची, त्यात गुळाचं पाणी, भिजवलेल्या हिरड्याचं पाणी पडायचं. सगळ्या आळीभर आंबट-गोड वास सुटायचा. दुपारी बाई शाळेतून आल्या की कपबश्यांचा ट्रे घेऊनच अंगणात यायच्या. उस्ताद दगडावर सुतकीच्या हातोड्यानं टकटक करून कान द्यायचे आणि म्हणायचे, हा इथं बसायचा न्हाई म्हणतोय, दुसरा आण. सर्जेरावला तेव्हा ते खरंच वाटायचं. त्या वयात सगळंच खरं वाटायचं, आणि चहा काय गोड लागायचा! आता त्याच्याकडं अकरा गडी होते, तीन यंत्रं होती, आणि दगडाला कान लावायला कुणाला सवड नव्हती. त्याला फार वाईट वाटलं.

“या उस्ताद, तळघर दाखवतो,” तो म्हणाला.

“नको.”

“पर पाणी तर तिथंच हाय.”

“पाणी मी लई बघितलंय.” उस्तादांनी काठी उलट दिशेला टेकली. “मला कुंडीपाशी बसव.”

घराच्या पुढच्या अंगाला, जोत्याच्या कोपऱ्याखाली, एक दगडी कुंडी होती. उस्ताद तिच्या काठावर बसले. त्यांनी आत हात घातला. तळाशी वाळलेलं शेवाळ होतं. बोटांनी चुरगाळलं तर त्याची पूड झाली.

एवढा श्रावण चाललेला, आणि शेवाळाची पूड...

“ही पन्हळीखाली न्हाई व्हय?” ते म्हणाले.

“नाही,” बाईंनी कपबशी त्यांच्या हातात दिली. “छपराची वळचण हिच्यापुढं येते ना, पावसाचं पाणी पडतच नाही हिच्यात. हिला पाणी जोत्यातूनच यायचं. आषाढात सुरू झालं की दिवाळीपर्यंत. गार आणि नितळ. शाळेतली मुलं जाता जाता पाट्या धुवायची इथं. बाबा बाहेरून आले की पाय इथं धुवायचे, मगच घरात.”

“आणि आटली कवा?”

“तीन वर्षं झाली. सर्जेरावांनी जोत्याचं काम केलं ना, त्याच पावसाळ्यात.” बाई कौतुकानं सर्जेरावकडं वळल्या. “मी विचारलंही होतं यांना. म्हणाले, बाई, हेच तर चांगलं लक्षण, ओल गेली की कुंडी कोरडी होणारच.”

वळचणीला पाणी टपटपत होतं. उस्तादांनी बशीत चहा ओतला, फुंकर मारली, एक घोट घेतला.

सर्जेराव जोत्याकडं पाहत होता. तिसरा थर. कोपऱ्यापासून चौथा दगड. खाली कुंडी. तीन वर्षं तो या अंगणात येत-जात होता आणि त्यानं ही दोन्ही एकत्र पाहिली नव्हती.

“उस्ताद...”

“हं.”

“एक दगड हुता.”

“कसला?”

“बिनचुन्याचा.” त्याचा आवाज खाली गेला. “सांधा रिकामा. मला वाटलं... तुमच्याकडनं भरायचा ऱ्हायला.”

“मग?”

“मग मी भरला. गड्यांच्या म्होरं न्हाई. एकट्यानं. कुणाला दिसू ने म्हणून.”

उस्तादांनी बशी खाली ठेवली.

“ऱ्हायलाच हुता,” ते म्हणाले.

सर्जेरावला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

“आं?”

“भरायचा ऱ्हायलाच हुता. माझी चूक. तू बरोबर वळखलीस.”

“पर...”

“तू बहिणीच्या लग्नाला गेला हुतास. घाणीवर दुसरा गडी. त्यानं चुना कमी मळला. सांज झाली आणि एका दगडापुरता कमी पडला. म्हटलं, ऱ्हाऊ दे कोरडाच, सकाळच्याला सांधा भरू.”

ते थांबले. बाई ट्रे छातीशी धरून ऐकत होत्या.

“रातभर पाऊस लागला. सकाळी थापी घेऊन आलो, तर त्या दगडातनं धार लागलेली. डोंगरावरनं आलेलं पाणी आपण घराभोवतीच्या चरात घातलं हुतं न्हवं? दगड भरलेल्या? तू आणि मीच खणलेला? ते सगळं तिथनं भाईर पडत हुतं. बाकीचं जोतं ठणठणीत.”

“आणि तुम्ही भरला न्हाई?”

“थापीवर चुना घेतला हुता की. तेवढ्यात डाक्टरसाहेब आले आणि धारेखाली घंघाळ लावलं.”

“पितळेचं!” बाई म्हणाल्या. “मोठं, कडीचं. मला आठवतंय...”

“त्यात पाय सोडून बसले आणि म्हणाले, दस्तगीर, काय गार पाणी काढलंस रे. माणूस येवढा खूश झालेला... मी थापी धुवून टाकली. म्होरल्या आठवड्यात ही कुंडी घडवली.”

उस्तादांनी कुंडीच्या काठावरून हात फिरवला.

“त्याच्या फुडं जेवढी घरं बांधली, त्या समद्यांत तीच चूक केली. एकबी चुकवली न्हाई.”

सर्जेरावला हसावं का रडावं कळेना.

“मग मला का न्हाई शिकवलं, उस्ताद? अजून चार वर्सं मी तुमच्यापाशीच हुतो!”

“काम शिकवलं की.” म्हाताऱ्यानं त्याच्याकडं पाहिलं. “चूक कशी शिकवायची रं?”

मग उस्तादांनी काठी जोत्याकडं रोखली.

सर्जेरावनं जीपमधून सुतकी आणि छिन्नी आणली. शेजारच्या आळीत त्याचं काम चालू होतं, तिथल्या गड्यांना हाक मारली असती तर दोघं धावत आले असते. त्यानं मारली नाही. चिखलात गुडघे टेकले आणि आपणच भरलेल्या सांध्यावर छिन्नी धरली. पक्कं काम केलं होतं त्यानं. सेवा म्हणून केलेलं, तेव्हा हातचं राखून ठेवलेलं काहीच नव्हतं. पहिला टवका निघायला पाव तास लागला. बोट सोललं. घाम आणि पाऊस एकत्र होऊन डोळ्यांत उतरत होता.

“छिन्नी पोटात घाल अजून,” मागून उस्ताद म्हणाले. “लई मायेनं भरलंयस.”

चौथ्या बाजूचा सांधा निम्मा मोकळा झाला आणि दगडाआड काहीतरी खळखळलं. मग काळपट, गढूळ पाण्याची एक चिळकांडी सर्जेरावच्या तोंडावर आली. तो मागं झाला. धार जाड झाली. कुंडीतली शेवाळाची पूड भिजली, तरंगली, काठावरून वाहून गेली. थोड्या वेळानं पाणी लालसर झालं. मग फिकं झालं.

मग नितळ.

बाई घरात गेल्या. तळघराच्या जिन्यावरून त्यांचा आवाज आला, शाळेत हजेरी घेतानाचा, खणखणीत.

“दस्तगीरभाई! चौथी पायरी दिसली!”

उस्ताद चहा पीत राहिले.

“पाचवी!” काही वेळानं आवाज आला. नंतर तो जरा जड झाला. “सहावी पण...”

बाई बाहेर आल्या त्या पदरानं डोळे पुसत. कुणाकडं न पाहता त्यांनी चपला काढल्या, निऱ्या वर धरल्या आणि कुंडीच्या धारेखाली दोन्ही पाय धरले.

“रविवारी येऊ दे त्याला,” त्या म्हणाल्या. “पहिल्यांदा पाय धुवायला लावते इथं. मग काय ते पाडण्याचं बोल म्हणावं.”

आणि त्या ट्रंका सोडायला निघून गेल्या.

सर्जेराव तसाच चिखलात बसून होता. अंगावर सगळा राडा, पेनं कुठं पडली ती पडली. या बाईंचं घर आपण जवळजवळ पाडलं होतं, आणि तेही मायेपोटी, ही गोष्ट त्याच्या घशाखाली उतरत नव्हती. त्यानं पुढं सरकून उस्तादांच्या पायांवर डोकं ठेवलं.

“मला वाटलं तुमचं नाव राखतोय, उस्ताद.”

“व्हय की. उभ्या जन्मात मला कुणी चुना लावला नव्हता.” उस्तादांचा हात त्याच्या ओल्या डोक्यावर आला. “तो तू लावलास.”

सर्जेराव हसला आणि हसता हसता त्याला हुंदका आला. पंचावन्नाव्या वर्षी, दिवसाढवळ्या, भर अंगणात तो लहान पोरासारखा रडला. उस्तादांनी त्याला रडू दिलं.

धार वाहत होती.

बऱ्याच वेळानं म्हाताऱ्यानं विचारलं,

“अजून कुठं कुठं राखलंस माझं नाव?”

सर्जेरावनं डोकं वर केलं. डोळे पुसले. बोटं मोजली.

“पोस्टमास्तरांच्या घराला... शेळक्यांच्या बंगल्याला...”

“आणि?”

“खालच्या शाळंला.”

“आणि?”

सर्जेरावचं चौथं बोट तसंच राहिलं. त्याला ते ओलसर पोतं आठवलं. बाज आठवली. बाजेवर वर घेतलेले दोन पाय आठवले...

“आणि... तुमच्या घराला, उस्ताद.”

दस्तगीर मिस्त्रींनी बशीतला शेवटचा घोट घेतला. बशी धारेखाली विसळून कुंडीच्या काठावर पालथी घातली.

“ठावं हाय,” ते म्हणाले. “दोन पावसाळं बाजेवर पाय घेऊन बसलोय... तू कवा इचारतोस म्हणून.”